चांदीची चहादाणी मोडीत घालण्यापूर्वी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

चांदीने किलोला लाखाचा टप्पा ओलांडल्यापासून आपल्या दैनिकात भावाच्या बातम्या ठळकपणे येत आहेत आणि जुनी चांदी मोडायला सराफी पेढ्यांवर होणाऱ्या गर्दीचाही त्यांत उल्लेख असतो. ज्याला गरज आहे त्याने घरातली चांदी मोडावी, यात गैर काहीच नाही. अडीनडीला उपयोगी पडावी म्हणूनच आपल्या आज्या-पणज्यांनी ती जपली. ताम्हन, निरांजन, पेला, करंडा, वाळे या वस्तू मोडल्या तरी तशाच पुन्हा घडवून मिळतात, कारण त्या घडवणारे हात आजही आहेत आणि त्यांना गिऱ्हाईकही आहे. परंतु या मोडीत एक अशी वस्तू बिनबोभाट चालली आहे की जी पुन्हा घडवून मिळणे जवळजवळ अशक्य आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे. ती वस्तू म्हणजे एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडच्या कारागिरांनी हाताने घडवलेली चांदीची चहाची भांडी. चहादाणी, दूधदाणी आणि साखरदाणी असा बहुधा तीन नगांचा हा संच असे.

माझ्या आत्याचे गेल्या वर्षी वृद्धापकाळाने निधन झाले. तिच्या सासरी असा एक संच होता. तिच्या आजेसासऱ्यांना नोकरीतून निवृत्त होताना तो भेट मिळाला, एवढेच घरात सांगितले जाई. काचेच्या कपाटात तो वर्षभर असायचा, दिवाळीला रिठ्याच्या पाण्याने घासून पुन्हा आत जायचा. त्यातून कोणी चहा प्यायल्याचे मला आठवत नाही. वाटण्या झाल्या तेव्हा आतेभावाने चहादाणी आणि दूधदाणी एका पेढीवर नेली. तिथे चहादाणीच्या मुठीच्या दोन्ही टोकांना असलेल्या हस्तिदंती चकत्या प्रथम काढण्यात आल्या, कारण हस्तिदंत चांदीच्या भावाने कोणी घेत नाही. मग टंच, म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, काढला, डाकाची, म्हणजे सांधे जोडताना वापरलेल्या मिश्रधातूची, घट धरली, आणि दोन्ही नग मिळून निव्वळ सातशे वीस ग्रॅम अशी नोंद झाली. पावती मी पाहिली आहे. ‘जुनी भांडी, मोड’ हे तीन शब्द, वजन आणि रक्कम, याखेरीज तिच्यावर काहीही नाही.

आतेभावाला मी दोष देत नाही. त्याला ती वस्तू ओळखण्याचा मार्गच नव्हता. पेढीवाल्याने व्यवहार चोख केला. कस आणि वजन पाहणे हा त्याच्या धंद्याचा रिवाज आहे आणि त्यात त्याने कुठे कसूर केली नाही. खंत वाटते ती याची, की घरापासून पेढीपर्यंतच्या सगळ्या वाटेवर ‘हे काम कोणाचे आणि कुठले?’ असा प्रश्न विचारणारे एकही माणूस भेटले नाही.

साखरदाणी तेवढी वाचली, आणि तीही केवळ योगायोगाने. आत्या तिच्यात अक्षता ठेवत असे, त्यामुळे ती कपाटात नव्हती, देवघरात होती आणि वाटणीत कोणाच्या लक्षात आली नाही. ती आता माझ्याकडे आहे. उंची जेमतेम नऊ सेंटिमीटर, आकार किंचित दबलेल्या लोट्यासारखा. सभोवार दहा महिरपी आहेत आणि प्रत्येक महिरपीत एक अवतार. मत्स्यापासून सुरुवात करून बोटाने भांडे फिरवत गेले की नरसिंहाच्या मांडीवर आडवा पडलेला हिरण्यकशिपू दिसतो. त्याचे लोंबणारे डोके तांदळाच्या दाण्याएवढे आहे आणि तरी त्याला डोळे आहेत, उघडे तोंड आहे. महिरपींच्या मधल्या बारीक खांबांवर वेल चढला आहे. मागची जमीन सपाट सोडलेली नाही; सुईच्या टोकाएवढ्या वर्तुळाकार ठिपक्यांनी ती पूर्ण भरली आहे, त्यामुळे उजेड तिच्यावर विखुरतो आणि मूर्ती तेवढ्या पुढे येतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती नववी महिरप. तिथे बुद्ध नाही. तिथे समचरण उभी, दोन्ही हात कमरेवर ठेवलेली मूर्ती आहे. आपल्याकडच्या जुन्या पंचांगांवरच्या दशावतारांत नववा विठ्ठल असतो, हे अनेक वाचकांना आठवत असेल. भांड्याच्या तळाशी कारागिराचे नाव नाही, गावाचे नाव नाही, कसलाही ठसा नाही. पण ज्याने चहाच्या साखरदाणीवर नववा अवतार म्हणून विठ्ठल उभा केला, तो कोणत्या मुलखात वाढला असेल हे सांगायला वेगळ्या ठशाची गरज नाही. चहादाणीवर काय होते, हे मात्र आम्हां कोणालाच नीट सांगता येत नाही. देव होते, एवढेच सगळे म्हणतात. ती इतकी वर्षे डोळ्यांसमोर होती आणि आम्ही तिच्याकडे पाहिले नाही.

हे काम कसे होत असे, हे थोडे विस्ताराने सांगण्याची परवानगी द्यावी, कारण ते कळल्यावाचून ‘घडणावळ’ या शब्दाचे वजन लक्षात येत नाही. चांदीचा गोल पत्रा ऐरणीवर आणि लोखंडी खुंट्यांवर ठोकत ठोकत कारागीर त्याला उभा करतो. चांदी ठोकली की कडक होते आणि तशीच ठोकत राहिले तर तडकते. म्हणून मध्ये मध्ये तिला ताव देऊन मऊ करावे लागते. चहादाणीचे पोट उभे होईपर्यंत ठोकणे आणि ताव देणे हा क्रम कितीतरी वेळा चालतो, आणि तेवढ्या सगळ्या वेळात पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी राहील याची काळजी केवळ हाताच्या अंदाजाने घ्यावी लागते. पोट तयार झाले की आत राळ भरायची. राळ, तेल आणि विटेची भुकटी यांचे हे मिश्रण गरम असताना ओतता येते आणि थंड झाल्यावर इतके घट्ट होते की वरून मारलेला घाव ते पेलते, पण इतके कठीणही होत नाही की नक्षी उमटूच नये. मग बोथट टोकांच्या लहान लहान पोलादी कलमांनी आणि हलक्या हातोडीने वरून नक्षी ठोकायची. इथे चांदी कोरून काढली जात नाही, ती इकडून तिकडे सरकवली जाते. पानाच्या भोवतीची जमीन दाबली की पान वर येते. मूर्तीला अधिक उठाव हवा असेल तर राळ वितळवून बाहेर काढायची, आतून ठोकून फुगवायचे, पुन्हा राळ भरायची आणि पुन्हा वरून बारीक काम करायचे.

आतून ठोकायचे म्हटले तर चहादाणीचे तोंड अरुंद, तिथे हातोडी जाणार कशी? त्यासाठी टोकाशी वाकवलेली एक लांब सळई वापरतात. सळईचे एक टोक शेगड्यात, म्हणजे पेचाने आवळायच्या पकडीत, घट्ट धरायचे, वाकवलेले टोक भांड्याच्या आत नक्षीच्या मागे टेकवायचे आणि बाहेर राहिलेल्या सळईवर घाव घालायचा. घावाने सळई थरथरते आणि तिच्या उसळीने आतले टोक चांदीला बाहेर ढकलते. घाव एका जागी आणि उठाव दुसऱ्या जागी, तोही न दिसणाऱ्या बाजूने. माझ्या साखरदाणीचे तोंड रुंद असल्याने आत बोट फिरवता येते, आणि प्रत्येक अवताराच्या मागे त्याची उलटी खोलगट छाया बोटाला लागते. साच्यात ओतलेल्या किंवा डायवर दाबलेल्या कामात असा जिवंत खडबडीतपणा नसतो.

चहादाणी ही या तीन नगांत सर्वांत अवघड, कारण ती नुसती शोभेची नाही. तोटी दोन अर्धुकांत घडवून डाकाने जोडावी लागते; फुंकणीच्या जाळाखाली टाकणखार लावून हा जोड देताना आधीचे जोड सुटू नयेत हे पाहावे लागते. तोटीचे तोंड भांड्याच्या काठाइतके वर यायला हवे, नाहीतर भांडे भरताच चहा तोटीतून सांडू लागतो. तोटी जिथे पोटाला मिळते तिथे बारीक भोके असतात, म्हणजे पत्ती आतच अडते. झाकणाची बिजागरी नीट बसली नाही तर ओतताना झाकण उघडते. आणि चांदी ही सगळ्या धातूंत उष्णतेची सर्वांत उत्तम वाहक, म्हणून उकळता चहा भरल्यावर चांदीची मूठ हातात धरता येणे शक्यच नसते; त्यासाठी मूठ दोन ठिकाणी कापून मध्ये हस्तिदंताची पातळ चकती बसवत. पेढीवर वजनातून वजा झालेल्या त्या चकत्या म्हणजे केवळ सजावट नव्हती. त्यांच्यामुळेच ती वस्तू चहादाणी होती.

ज्या काळात हे संच घडत होते त्या काळात चहा आपल्या घरांत रुळलेला नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम विकला गेला तो १८३९ साली. चहाचा खप वाढवण्यासाठी पैसा उभा करायचा म्हणून निर्यातीच्या चहावर उपकर बसवणारा कायदा झाला तो १९०३ साली, आणि आपल्याकडे चहा घरोघरी पोहोचला तो त्याच्याही नंतर. म्हणजे आपल्या सोनारांच्या पुढ्यात साहेबाच्या टेबलावरच्या भांड्याचा नमुना आला तेव्हा त्या भांड्याचा वापर त्यांच्या स्वतःच्या घरात नव्हता. तरीही त्यांनी तोटी, जाळी, बिजागरी आणि मूठ यांतली प्रत्येक अडचण सोडवली, आणि वर आपल्या देवळांतली, शालींवरची, भिंतींवरची नक्षी त्या परक्या आकारावर बसवून दाखवली. नुसत्या नकलेत एवढी समज येत नाही.

त्यासाठी लागणारी चांदी बहुतेक वेळा गिऱ्हाईकच देई, आणि ती रुपयांच्या रूपात. १८३५ नंतरचा कंपनी सरकारचा आणि पुढे राणीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा. रुपये मोजून द्यायचे, सोनाराने ते मुशीत आटवायचे आणि तितक्याच वजनाचे भांडे करून द्यायचे, अशी रीत होती. रुपयाची चांदी शेकडा साधारण ९१.६७ भरते आणि इंग्लंडची ‘स्टर्लिंग’ चांदी ९२.५. आज पेढीवर एखाद्या जुन्या भांड्याचा टंच नव्वदीच्या थोडा वर आला की ‘चांदी जरा हलकी आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या हलकेपणात कदाचित जुन्या रुपयाचीच ओळख लपलेली असते.

ठसा नाही म्हणून वस्तू कमअस्सल, हा गैरसमजही दूर व्हायला हवा. इंग्लंडमध्ये चांदी तपासून तिच्यावर छाप उमटवण्याचा कायदा १३०० सालापासून आहे. आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत तशी सरकारी व्यवस्था नव्हती. भारतीय मानक ब्युरोने चांदीसाठी हॉलमार्कची योजना आणली ती २००५ साली. त्यामुळे जुन्या भारतीय चांदीवर ठसा असलाच तर तो कारागिराचा किंवा पेढीचा खासगी ठसा असतो, आणि पुष्कळ उत्तम कामांवर तोही नसतो.

तरी काही ठसे ओळखीचे आहेत. कच्छमधील भूजचे उमरशी मावजी यांच्या कामावर रोमन लिपीत ‘ओ. एम.’ किंवा ‘ओ. एम. भूज’ अशी अक्षरे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम करणारे आणि कच्छच्या महारावांच्या दरबाराशी जोडलेले हे कारागीर आज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. कच्छी कामात गुंडाळत जाणारी पाने आणि फुले सगळे भांडे व्यापून टाकतात आणि त्यांच्या दाटीत बारकाईने पाहिले तर हरीण, पक्षी, शिकारी कुत्रा, कधी घोडेस्वार दडलेला सापडतो. अठराव्या शतकात युरोपात राहून आलेल्या रामसिंह मालम या हरहुन्नरी माणसाने राव लखपतजींच्या काळात भूजला जी युरोपीय वळणाची कारागिरी रुजवली, तिच्याशी या पानाफुलांचे नाते अनेक जण जोडतात. आपल्या पुण्यातही असे काम होत होते, आणि ते कच्छीपेक्षा अगदी निराळे: महिरपीत बसवलेल्या देवता, खूप उठाव, भरगच्च मांडणी. ‘हीरप्पा बूचेना, पूना’ असा ठसा असलेली कामे परदेशांतल्या संग्रहांत आणि लिलावांत आढळतात. पुण्याचे तांबट आणि त्यांचे मठारकाम, म्हणजे भांड्यावर ठोके उमटवण्याचे काम, आपल्याला माहीत आहे, त्याच्याविषयी लेख येतात, सहली निघतात. पुण्याच्या चांदीकामाचे नावही मात्र बहुतेक पुणेकरांनी ऐकलेले नसते.

मद्रासचे काम ‘स्वामी’ नक्षीचे, दाक्षिणात्य मंदिरांतल्या देवतांनी मढलेले, पी. ऑर अँड सन्स ही तिथली पेढी त्यासाठी प्रसिद्ध होती. लखनौच्या भांड्यांवर ताडामाडांचे जंगल आणि शिकार असते, कलकत्त्याच्या भवानीपूर भागात घडलेल्या भांड्यांवर बंगाली खेड्यातली झोपडी आणि बैलगाडी, तर काश्मिरी भांड्यांवर शालीची कैरी आणि चिनारचे पान. एवढी ढोबळ ओळखसुद्धा घरातल्या वस्तूकडे नव्याने पाहायला पुरेशी आहे.

युवराज असलेले आणि पुढे सातवे एडवर्ड झालेले प्रिन्स ऑफ वेल्स १८७५-७६ साली हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांना मिळालेल्या नजराण्यांत चांदीकाम पुष्कळ होते. ते नजराणे लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला प्रदर्शनात मांडले गेले आणि तेव्हापासून या कामाला विलायतेत मागणी वाढली. या कलांवर विस्ताराने लिहिणारे जॉर्ज बर्डवुड यांचा जन्म १८३२ साली बेळगावचा. मुंबईच्या ज्या संग्रहालयाशी त्यांचा संबंध होता, ते आजचे भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले आणि हुन्नरकलांचा नमुनासंग्रह हाच त्याचा मूळ हेतू होता. सर ज. जी. कलाशाळेत १८९१ साली सुरू झालेल्या रे कार्यशाळांत धातुकामही शिकवले जाई. म्हणजे या कलेची कदर करण्याची परंपरा आपल्याच भूमीवर होती. मग ती तुटली कशी?

मला वाटते, या भांड्यांना परके ठरवले गेले. स्वातंत्र्यानंतर ती ‘साहेबाची भांडी’ वाटली. पूजेची नव्हेत, परंपरेची नव्हेत, म्हणून आपल्या लोककलांच्या चर्चेत त्यांना जागा मिळाली नाही. हे मला पटत नाही. घेणारा साहेब असेल, आकार विलायती असेल. पण पत्रा ज्याने उभा केला, राळ ज्याने भरली, नवव्या महिरपीत विठ्ठल ज्याने ठोकला, तो आपला माणूस होता. बिदरीच्या सुरईला आणि पैठणीच्या पदराला जो मान आहे तोच या कामाला मिळायला हवा. ओडिशाने कटकच्या चांदीच्या तारकशीसाठी, म्हणजे बारीक तारांच्या नक्षीकामासाठी, २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळवले. आपण आपल्या चांदीकामाची साधी यादीसुद्धा केलेली नाही.

या बाबतीत कायदा कुठवर मदत करतो, तेही पाहावे. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा १९७६ सालापासून अमलात आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. हे योग्यच आहे. परंतु या कायद्याचा रोख निर्यात, व्यापाराचा परवाना आणि ठरावीक वस्तूंची नोंदणी यांवर आहे. घरमालकाने स्वतःची दीडशे वर्षांची चहादाणी आटवायला नेली तर त्याला अडवणारे कोणी नसते. जी वस्तू विमानतळावरून बाहेर जाऊ शकत नाही, ती पेढीमागच्या भट्टीत मात्र सहज जाऊ शकते. हस्तिदंताच्या चकत्यांमुळे आणखी एक गुंता आहे: हस्तिदंताच्या व्यापाराला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी, पण त्यामुळे अशी वस्तू आहे तशी विकायला लोक बिचकतात आणि मोडून टाकणे त्यांना सोपे वाटते. या वस्तू विनामोबदला संग्रहालयांकडे देता याव्यात यासाठी स्पष्ट, सोप्या भाषेतली मार्गदर्शक सूचना शासनाने काढली तर अनेक कुटुंबांची अडचण दूर होईल.

माझी मागणी बंदीची नाही. कोणाच्या घरातली चांदी सरकारने अडवावी असे मला मुळीच वाटत नाही. सराफ संघटनांना मात्र कळकळीची विनंती आहे की, हाताने घडवलेले जुने चहाचे भांडे मोडीत आले तर ते आठ दिवस आटवू नये. चारही बाजूंची, तळाची आणि आतल्या भागाची छायाचित्रे घ्यावीत, वजन आणि टंच लिहून ठेवावा आणि विकणाऱ्याला एवढे सांगावे की ‘ही वस्तू एकदा जाणकाराला दाखवा’. भाव दिवसागणिक बदलतो हे मला ठाऊक आहे. पण पैसे त्या दिवशीच्या भावाने चुकते करून वस्तू तेवढी बाजूला ठेवता येते. पुष्कळदा अखंड संचाला मोडीच्या कितीतरी पट किंमत मिळते, म्हणजे यात पेढीचे आणि गिऱ्हाइकाचे दोघांचेही नुकसान नाही. भायखळ्याचे संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय यांच्यासारख्या संस्थांनी महिन्यातून एक दिवस लोकांना घरच्या वस्तू घेऊन बोलवावे, त्या पाहून सांगाव्यात आणि छायाचित्रांची एक नोंदवही सुरू करावी. वस्तू घरीच राहू द्यावी, तिची नोंद तेवढी संग्रहालयात राहावी.

आणि ज्यांच्या घरी असा संच आहे त्यांना दोन शब्द. संच फोडू नका. वाटणीत एकाला चहादाणी आणि दुसऱ्याला साखरदाणी दिली की दोघांकडेही अर्धवट वस्तू उरते. घासू नका. नक्षीच्या खोलगट भागांत साचलेला काळसरपणा हा मळ नव्हे, उठावाला खोली देणारी ती सावली आहे. पॉलिशच्या पुडीने किंवा सोड्याच्या पाण्यात बुडवून ती काढली की नक्षी चपटी दिसू लागते आणि दरवर्षीच्या घासण्याने मूर्तींची नाके-डोळे बुजतात. आत्याच्या घरी पन्नास दिवाळ्या हेच झाले; साखरदाणीवरच्या वामनाचा चेहरा आता उरलेला नाही. कोमट पाण्यात सौम्य साबण, मऊ कापड आणि लगेच कोरडे करणे एवढे पुरते. रबर बँड लावून ठेवू नका, रबरातल्या गंधकाने चांदीवर न निघणारे काळे डाग पडतात. नव्याने मूठ किंवा तोटी जोडायची असेल तर आधी छायाचित्र घ्या, आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला ती वस्तू कुठून आली ते विचारून तारखेसह लिहून ठेवा. मी आत्याला कधी विचारले नाही.

शेवटी एक व्यक्तिगत विनंती, आपण छापाल अशा आशेने. पेढीवर मी स्वतः जाऊन चौकशी केली. दूधदाणी त्याच आठवड्यात आटवली गेली. चहादाणी मात्र भट्टीत जाण्यापूर्वी कोणा गिऱ्हाइकाने पसंत करून नेल्याचे तिथल्या एका कामगाराला आठवते. नाव-पत्ता त्यांच्याकडे नाही. ती ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडून मला ती परत नको आहे, ती त्यांनी रीतसर घेतलेली आहे. ओळख अशी: उंची सुमारे अठरा सेंटिमीटर, पोट दबलेले आणि गोल, मूठ फणा काढलेल्या नागाची, मुठीच्या दोन्ही चकत्या काढलेल्या असल्यामुळे ती आता सैल असावी किंवा नव्याने जोडलेली असावी. झाकणावर बसलेला हत्ती आहे आणि त्याची सोंड एकदा तुटून डाकाने जोडलेली आहे, त्यामुळे ती किंचित डावीकडे वळलेली दिसते. तिच्या पोटावरच्या महिरपींत कोणते देव आहेत आणि ते किती आहेत, एवढे जरी आपल्या कार्यालयामार्फत कोणी कळवले, आणि जमल्यास एक छायाचित्र पाठवले, तर साखरदाणीशेजारी ते लावून ठेवता येईल.

कळावे,

आपली नम्र,
एक वाचक, पुणे